सूरज नान्हेची बहीण जिवंत आहे

५ ऑक्टोबर १९९९, मंगळवार

आणि वरून बाजारातला तो चहावाला मलेच म्हणते, पेपरात त आलं होतं बाई, तुम्ही वाचलं नाई का. अरे, पेपरात आलं म्हणजे मले सांगणं झालं का? माझा सख्खा भाऊ मेला. लिहिलं आहे की गडचांदूरले रस्ता भरून माणसं होती, जीपगाड्या होत्या, फटफट्या होत्या, दुकानं आपोआप बंद झाली. एवढ्या माणसातून एकालेही नागभीडची बस धरता आली नाई. गुरुवारी सकाळी मेला, गुरुवारी संध्याकाळी जाळला. काय घाई होती? बर्फ मिळत नाई का गडचांदूरले? मासोळीले मिळते, माणसाले नाई मिळत?

झालं असं. आज बाजारात सुके झिंगे बांधायले रद्दी उघडली, त वरच्याच कागदावर सूरजचा फोटो. हातात ते फुगीर मोजे. मले वाटलं पुन्हा कुठंतरी जिंकला. जिंकला की फोटो येते. समोरच्या गिऱ्हाइकाले मी म्हणली, हा माझा भाऊ आहे, देशात पहिला आला होता बॉक्सिंगमध्ये, हा कागद मी देत नाई. दुसऱ्या कागदात झिंगे बांधून दिले. मग फुरसतीनं अक्षर लावून वाचलं. मले जोडाक्षर लवकर येत नाई, 'बॉक्सिंगचा सम्राट' एवढ्यालेच वेळ लागला. पुढं 'निधन' होतं. ते लगेच आलं.

पोट्ट्यायले शिकवता शिकवता छातीत कळ आली म्हणते. वय अडतीस लिहिलं आहे. खोटं. छत्तीस. आणि सगळ्यात खाली लिहिलं आहे, 'त्यांच्या मागे कोणीही नाही.' हे पेपरवाल्याले कोणी सांगितलं ते मले पाहिजे.

साक्षरतेच्या वर्गाची मॅडम म्हणे, रोज दोन ओळी लिहा, नाईतर आलेलं अक्षर जाते. मी कधी लिहिलं नाई. आज लिहून राह्यली. घरात बोलायले कोणी नाई म्हणून नाई. राग आला म्हणून.

६ ऑक्टोबर

शेजारची नीलाबाई सकाळीच आली. म्हणते, 'रंभे, सुतक धरलं का?'

मी म्हणली, 'मेला गुरुवारी, मले कळलं मंगळवारी. मधले दिवस काय उलटे जगू?'

'ऐकलं त्या दिवसापासून धरायचं.'

बरं आहे. पण शुक्रवारी मी मासोळी विकली, शनिवारी विकली. रविवारी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. भाऊ राख होऊन पडला होता आणि मी एका बाईसंगं भांडत होती, मरळ जिवंत आहे का मेलेली यावरून.

नीलाबाईनं भात आणला होता. ती रडली. मी नाई रडली. मले चंद्रपूरच्या बसचा टाइम विचारायले जायचं होतं.

९ ऑक्टोबर, शनिवार

काल गडचांदूरले गेली, आज आली. सुतकात जाऊ नये म्हणे नीलाबाई. गेली.

तिथी झाडाचं पान न पान पांढरं आहे. सूरज म्हणे ते खरंच आहे. मी कितीदा म्हणली असन, तुझ्या क्वार्टरवर येते, दोन दिवस राहते. तो म्हणे, 'नको बाई, इथी सिमेटाची धूळ आहे, तुले दमा लागन.' मोठी बहीण म्हणून मले बाई म्हणे. धूळ आहेच. मी खोकलली.

पत्ता विचारावा लागला नाई. ज्या पानठेल्यावर पाहावं तिथी त्याचा फोटो, हार घातलेला. एका सलूनवाल्यानं त दुकानातला देवाचा फोटो बाजूले सारून मधात सूरजले लावलं. त्याचं बॉक्सिंग शिकवायचं मंडळ म्हणजे एक पत्र्याचं शेड. मधात चौकोनात दोऱ्या बांधलेल्या, वरून रेतीचं पोतं टांगलेलं. पोत्यालेही हार होता. आणि खाली पोट्टे बसले होते, सगळेच्या सगळे टकले. बाप मेल्यावर, भाऊ मेल्यावर डोस्कं करते ना, तसं. माझ्या भावाच्या नावानं हे डोस्कं करून बसले आणि मी वेणी घालून दारात उभी.

त्यातला मोठा हरिदास. मूळचा सिंदेवाहीकडचा, गडचांदूरच्या सिमेटाच्या फॅक्टरीत कामाले आहे, सूरज होता तिथीच. चिता त्यानंच पेटवली. मले म्हणते, 'कोण पाहिजे, बाई?'

'सूरज नान्हे.'

'सर गेले, बाई.'

'माहीत आहे. मी त्याची बहीण.'

पोट्टे एकमेकाकडे पाहायले लागले. हरिदास म्हणते, 'तुम्ही तिसऱ्या.'

'काय तिसऱ्या?'

'तिसऱ्या बहीण. एक राजुऱ्याहून आली होती, एक कोरपन्याहून. फॅक्टरीतून काही मिळन म्हणून. सरले कोणी नव्हतं, बाई. सर सोताच सांगे.'

मले असा राग आला. मी म्हणली, 'तुमच्यातून कोणी त्याच्यासंगं मासोळी खाल्ली का? काटे कुठी टाके तो?'

मग मीच सांगितलं.

'टाकेच नाई. डाव्या गालात जमा करे आणि जेवण झाल्यावर सगळे एकदम थुंके. कितीदा मारलं मी त्याले त्यापायी. मोठा झाला तरी गेलं नाई.'

हरिदास उभा होता, तो खाली बसला. पोत्यापासचा एक जण हसला आणि हसता हसता रडायले लागला. मग सगळेच रडायले लागले. त्यायले पाहून मले बरं वाटलं नाई. त्यांचं रडणं गुरुवारीच होऊन गेलं होतं, हे दुसऱ्यांदा रडून राह्यले होते. माझं पहिलंही झालं नव्हतं.

राख कुठी आहे विचारलं. नदीत सोडली म्हणते.

१० ऑक्टोबर

एक लिहायचं राह्यलं. बसस्टँडवर हरिदास मले सोडायले आला होता. म्हणते, 'बाई, मग सर काऊन म्हणे मले कोणी नाई? स्टेजवर म्हणे, पेपरवाल्याले म्हणे.'

मी म्हणली, 'तुम्ही विचारलं असन, घरी कोण आहे. घरी कोण राहते? मी त बाजारात राहते.'

तो बसची पाटी वाचायले लागला.

तसं ते मीच शिकवलं होतं सूरजले. मायबाप एकाच साली गेले तवा तो सहा वर्षाचा होता. माझं लग्न झालेलं, आणि सासू त्याच्या ताटाकडे पाहे. आलापल्लीच्या पुढं जंगलात एक बोर्डिंग होतं. दोन वेळ जेवण, कपडे, शाळा. पण ज्याले कोणी नाई त्यालेच घेत. मी बसमध्ये पाठ करून घेतलं. 'माय?' 'नाई.' 'बाप?' 'नाई.' 'बहीण?' इथी तो चूप बसे. चिमटा घेतला की म्हणे, 'नाई.' आलापल्ली येईपर्यंत न चिमटता म्हणायले लागला. गुरुजीले मी सांगितलं, मी त्याच्या गावची आहो, पोरगं उपाशी पाहून आणून दिलं.

दोन सालानं सुकी मासोळी घेऊन भेटायले गेली. गुरुजीनं विचारलं, ही कोण रे? सूरज म्हणे, 'आमच्या गावची बाई.' माझ्याकडे पाहिलंही नाई. मले भलता आनंद झाला. दुसरं पोरगं असतं त गळ्यात पडून रडलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. हुशार होता.

तिथीच बॉक्सिंग शिकला. पुढं नोकरी लागली तरी उन्हाळ्यात तलावाची मासोळी निघाली की येत जाय. जेवे, झोपे, पहाटेच्या बसनं जाय. गावात कोणाच्या घरी जात नसे.

१९ ऑक्टोबर, दसरा

नीलाबाईच्या घरून सोनं द्यायले आले. मी म्हणली आमच्यात यंदा नाई. सुतक फिटलं, पण नाई.

बाजारात एका नेहमीच्या बाईनं विचारलं, 'रंभाबाई, बरं नाई का तुम्हाले?'

'काऊन?'

'मी पाच रुपये कमी दिले आणि तुम्ही काही बोलल्या नाई.'

मग मी बोलली.

३० ऑक्टोबर, शनिवार

आज आंगणात जाळं दुरुस्त करून राह्यली होती त भोंग्याची जीप आली. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा जवळ आली की या जीपा फिरतातच, नाटकाचं सांगत. मी लक्ष देत नाई. पण सूरजचं नाव आलं.

हरिदासच्या गावच्या मंडईले वीस नोव्हेंबरले नाटक आहे. वडशाची कंपनी, तीन अंक, नाव 'एकटा सूरज'. भोंगा म्हणे, 'ज्याला आई नाही, बाप नाही, बहीण नाही, भाऊ नाही, त्या जगज्जेत्या सूरजची काळीज फाडणारी कहाणी.' जगज्जेता तो नव्हता. त्याचा मले राग नाई, नाटकवाले वाढवून सांगतातच. पण बहीण नाही म्हणे. माझ्या दारासमोरून. हळूहळू गेली जीप, खड्डे आहेत म्हणून.

नीलाबाई दारात येऊन उभी राह्यली. मी म्हणली, 'काय पाहून राह्यली? गाय सुटली तुझी.'

२ नोव्हेंबर, मंगळवार

बाजार सोडून वडशाले गेली. धानाच्या एका गोदामात तालीम चालू होती. सूरज झालेला माणूस चाळीशीचा, पोट सुटलेलं. हातात लाल कापडाचे मोजे, आत कापूस. उजव्या हातानं मारून राह्यला होता.

मी दारातूनच म्हणली, 'सूरज डावखुरा होता.'

तालीम थांबली. लिहिणारे आणि बसवणारे एकच, भैयाजी. तोंडात पान. म्हणते, 'डाव्यानं मारलं त वरून लटकवलेल्या मायकाले हात लागते, बाई. तुम्ही कोण?'

'त्याची बहीण.'

'आमच्या नाटकात बहीण नाई.'

'म्हणूनच आली.'

स्टूल दिलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाई. बसमधलं पाठ करण्याचं सांगितलं तवा त्यांनी डोळे पुसले. म्हणते, 'बाई, तुम्ही पंधरा दिवस आधी आल्या असत्या त नाटकाचं सोनं झालं असतं. हरिदास नाटक ठरवायले आला तवाच मी त्याले म्हणलं होतं, बहीण नसली त तिसऱ्या अंकात रडन कोण? पण आता पोस्टर लागले, भोंगा फिरून राह्यला.'

मग डोळे मिटून पान चावत बसले. एकदम म्हणते, 'जमते. पहिल्या अंकात बहीण टाकतो. सोता उपाशी राहून भावाले घास भरवते. एक गाणं. आणि अंकाच्या शेवटी मरते.'

'कोण मरते?'

'बहीण. मग तो एकटा. पोस्टरही खरं राह्यलं आणि बहीणही आली.'

'मी मेली नाई.'

'नाटकात, बाई.'

'नाटकात तरी काऊन मरू? कशानं?'

'तापानं मारता येते. पण साप बरा दिसते.'

कोपऱ्यात नागपूरची एक बाई बसली होती, नाटकातली. ती म्हणते, 'ताई, मीच करीन तुम्हाले. तुम्ही चालता कशा, दाखवा ना.' मी टोपलं डोक्यावर घेतल्यासारखी गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. तिनं चालून दाखवलं. हुबेहूब. मान सुद्धा तशीच. मले माहीत नव्हतं मी मान अशी धरते म्हणून. ती म्हणते, आणखी एकदा चाला. मी चालली.

मी हो म्हणली नाई. बसची वेळ झाली म्हणून निघाली.

३ नोव्हेंबर

सकाळपासून विचार करून राह्यली, साप चावू द्यावा का. पहिला अंक त पहिला अंक. लोक पाहतीन, सूरजले बहीण होती, टोपलं घेऊन चाले. पण 'होती' म्हणतीन. तो होता झाला, त्याले इलाज नाई. मी काऊन होऊ?

१० नोव्हेंबर, भाऊबीज

नीलाबाईचे भाऊ आले. तिनं मले जेवायले बोलावलं. मी म्हणली पोट बिघडलं.

मरळ रांधली होती. दोघांपुरती झाली, अंदाज चुकते. तसा तो भाऊबीजेले कधी आलाच नाई, त्याच्या मॅची राहत. मग आज वेगळं काय आहे ते मले समजत नाई.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

हरिदास आला. डोस्क्यावर केस उगवले आता. फटफटीवरून उतरून दारातच उभा.

'भैयाजीनं सांगितलं, तुम्ही वडशाले गेल्या होत्या.'

'गेली होती. तू काऊन नाई सांगितलं त्यायले, मी आहो म्हणून? त्या दिवशी त सगळे रडले.'

'बाई, ऐकून घ्या.'

'जेव आधी.'

जेवला. काटे ताटाच्या कडेले एकावर एक नीट ठेवून जेवला. बोट दाखवायले जागा नाई. मग म्हणते, 'मंडईले बोर्डिंगचे गुरुजी येऊन राह्यले. लय म्हातारे झाले. नाटकाच्या आधी सरविषयी बोलतीन. अनाथ म्हणून त्यांनी सरले लेकरासारखं वाढवलं. तिथी तुम्ही उभ्या राह्यल्या त काय होईन? लोक म्हणतीन, सूरज नान्हे खोटं बोलला. हे पाहिजे तुम्हाले?'

'खोटं मी शिकवलं. सहा वर्षाचा होता तो.'

'छत्तीसचा होऊन मेला, बाई.'

मी ताट उचललं. बाहेर नेऊन घासलं. परत आली तरी तो तिथीच बसला होता, खाली पाहत.

म्हणते, 'सर आम्हाले म्हणे, मले कोणी नाई, तुम्हीच भाऊ. मले आजपर्यंत कोणी असं म्हणलं नाई. माह्या बापानं मले कधी पोरगा म्हणून हाक नाई मारली. आम्ही आग दिली, आम्ही डोस्कं केलं. तुम्ही बहीण निघाल्या त आम्ही कोण? मंडळातले पोट्टे. बस.'

'मग मी काय करू? मरू? भैयाजी म्हणतेच, साप आणतो.'

तो हसला नाई. म्हणते, 'पहिल्या ओळीत खुर्ची देतो. गुरुजीच्या बाजूची. कोणी विचारलं त सांगू, सरच्या गावच्या बाई आहेत.'

मी त्याले जा म्हणली. खुर्ची नको असंही म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं नाई. पहिल्या ओळीत मी कधी बसली नाई.

१३ नोव्हेंबर

'छत्तीसचा होऊन मेला' हे मनातून जात नाई.

बोर्डिंग सुटलं तवा मी त्याले म्हणली नाई की आता सांगत जा लोकायले. असं म्हणावं लागते हेच ध्यानात आलं नाई. मले वाटे, सांगत असन. त्याले वाटत असन, बाईनं अजून हो म्हणलं नाई. असंच असन. ऐकणारं पोरगं होतं.

नीलाबाई म्हणते, त्याले लाज वाटत असन तुझी. मी म्हणली, मासोळीवालीची लाज वाटायले तो काय कलेक्टर होता? लोकायचे तोंडं फोडे तो. ती म्हणते, मोठा माणूस झाला होता, रंभे. मी म्हणली, मोठा होता म्हणूनच लाजायचं कारण नाई. ती उठून घरी गेली. मी काही चुकीचं बोलली नाई.

पण एक गोष्ट आहे. मी मंडईत उभी राह्यली आणि लोकायनं त्याले खोटा म्हणलं, त पोरं तो फोटो पानठेल्यावरून काढतीन का? सलूनवाला पुन्हा देव लावन का तिथी? हरिदास रडन का मग सूरजसाठी? माझ्या एकटीच्या रडण्यानं त्याचं काय होणार. मी त अजूनही रडली नाई.

आज जाळ्याले हात लावला नाई. दिवसभर बसून होती.

१४ नोव्हेंबर, रविवार

जीप पुन्हा आली. मी टोपलं घेऊन रस्त्याच्या मधात उभी राह्यली.

सांगणारा माणूस समोरच बसला होता, गळ्यात मफलर, हातात माईक. म्हणते, 'बाजूले व्हा बाई, अजून बरेच गाव राह्यले.'

'भोंगा बंद कर आधी.'

बंद केला.

'बहीण नाही हे कोणी सांगितलं तुले?'

'लिहून दिलं आहे. मी फक्त वाचतो.'

'मी त्याची बहीण. पाहून घे. हात लावायचा असन त लाव.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर म्हणते, 'खरं असन बे. नाक तसंच आहे.' माझं नाक सूरजसारखं आहे हे मले आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गावातल्यायनंही नाई. मी नाकाले हात लावून पाहिलं.

मग मी हरिदाससाठी निरोप दिला. दोनदा म्हणवून घेतला त्याच्याकडून. जीप गेली. पुढच्या वळणावर भोंगा पुन्हा सुरू झाला. 'आई नाही, बाप नाही' ऐकू आलं. मग तो थांबला, आणि 'बहीण नाही' म्हणला का ते गाळून सरळ 'भाऊ नाही' म्हणला, ते मले नीट ऐकू आलं नाई. कोंबड्या ओरडत होत्या.

निरोप इथी लिहून ठेवते, म्हणजे हरिदास उद्या म्हणायले नको की बाई भलतंच बोलली.

हरिदास, मले खुर्ची नको आणि साप नको. नाटक करायचं तसं करा, सूरजले एकटा म्हणा, जगज्जेता म्हणा. आग तुम्ही दिली, डोस्कं तुम्ही केलं, तुम्ही त्याचे भाऊ, ते मी मोडत नाई. मी तुमची जागा मागत नाई, माझी मागते. नाटकाच्या आधी गुरुजी बोलतीन, त्यायच्या नंतर मले माईक द्या. मी एवढंच सांगणार की पोरगं माझं होतं, पोट भरावं म्हणून मी त्याले कोणी नाई म्हणायले शिकवलं, आणि मी सांगितलं तसं तो शेवटपर्यंत वागला. लोकायले राग आला त माझ्यावर येऊ द्या. मले सवय आहे.

माईक देता का नाई, ते मले परवाच्या मंगळवारी पाहिजे. मी बाजारात पिपळाखाली बसते, कोणालेही विचारजो. दुसऱ्याले धाडायचं नाई, तूच येजो. नाई म्हणायचं असन तरी येजो, माझ्या तोंडाकडे पाहून म्हणजो. मंगळवारी, बाजार उठायच्या आधी.